नदी पूर्वेलाच जाईल

कसबा बावडा, कोल्हापूर
सोमवार, ९ जून २०२५

फातिमा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. खुशाली विचारत नाही. काम आहे, तेवढंच लिहिते.

दुसरं पुस्तक लिहून झालं. नाव 'उलटं पाणी'. हाताने लिहिलेली तीनशे चाळीस पानं. 'बिनमिठाचा देश' येऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून भाजी घेतानासुद्धा लोक मला विचारतात, की आरणी आणि झुरी तराफ्यावर बसल्या, पुढं काय झालं. पुढं काय झालं ते आता लिहिलेलं आहे. तिसरं पुस्तक व्हायचं आहे.

अठ्ठ्याहत्तर साली भूगोलाच्या प्रॅक्टिकलला आपल्या दोघींना शेवटचं टेबल दिलं होतं. का दिलं होतं ते तुला माहीत आहे, मलाही. ज्या देशात सगळं मीठ एका घराण्याच्या कुलपात आहे, आणि ज्यांच्या हातावर ते कोणी ठेवत नाही अशा दोन मुली समुद्र शोधायला निघतात, ही गोष्ट आपल्याला त्या टेबलावर सुचली यात नवल नाही. सुरुवात मी सांगायची, मधलं तू सांगायचीस. शेवटापर्यंत आपण कधी पोचलोच नाही.

आता अडचण. प्रकाशक जयसिंग हा माझा विद्यार्थी. दहावीला भूगोलात छत्तीस. परवा घरी आला, चहा संपवला आणि मग म्हणाला, "बाई, रागावू नका. मधलं पुस्तक कोण वाचतंय? लोकास्नी एकतर सुरवात पायजे, न्हायतर शेवट पायजे. ह्यातली ऐंशी पानं ठेवूया, तिसऱ्याच्या तोंडाला जोडूया. आणि ती नदी तेवढी फिरवून घेऊ."

मी म्हणाले, "नदी म्हणजे काय रिक्षा आहे, फिरवून घ्यायला?"

"बाई, नकाशात समुद्र डावीकडं हाय आणि नदी उजवीकडं चाललीया. लोक हासत्यात."

त्याला मी सांगितलं ते तुलाही सांगते. दोघी तराफ्यावर बसतात तेव्हा त्यांना वाटतं की नदी समुद्राला जाते. या पुस्तकात त्यांना कळतं की ती समुद्राकडं पाठ करून चालली आहे, आणि रोज त्या मिठापासून एक दिवस लांब जात आहेत. जयसिंगला ही चूक वाटते. माझं सगळं पुस्तक त्या चुकीवर उभं आहे. नदी पूर्वेला जाते, पूर्वेलाच जाईल.

तू एक करायचं आहेस. जयसिंगला दोन ओळी लिहायच्या, की मधला भाग मूळचा असाच होता आणि नदीही अशीच होती. तुझ्या शब्दानं तो गप्प बसेल. गणपतीच्या आधी पुस्तक छपाईला गेलं नाही, तर तो ऐंशी पानांवरच येणार.

चौदा महिने तू माझ्याशी का बोलत नाहीस, मला ठाऊक नाही. काही गैरसमज झाला असेल तर तो तुझा तू दूर कर. गगनबावडा इथून पंचावन्न किलोमीटर आहे, विलायत नव्हे.

संघप्रिया


सोमवार, २३ जून

फातिमा,

काल तुझ्या सुनेचा फोन आला. अरीबा चांगली मुलगी आहे, स्पष्ट बोलते. म्हणाली, "मावशी, अम्मीचं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. डाक्टरनी वाचायचं न्हाय म्हणून सांगितलंय. म्हणून तुमचं पत्र मीच वाचून दाखिवलं. दुकानात."

मी विचारलं, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं ना?

"हुती की चार-पाच. पाऊस हुता मावशी, कुठं जाणार ती? टोस्ट खात बसली आणि ऐकली."

म्हणजे माझं पत्र आता घाटातल्या ट्रकवाल्यांना पाठ आहे. असू दे. मग ती म्हणाली, "अम्मी म्हणत्यात, त्या बाईला सांग, अक्षर झकास हाय, पण पत्रात खोटं लई हाय. त्यांचंच शब्द सांगतोय मावशी, मला बोलू नका."

तिला नाही बोलले. तुला बोलते. काय खोटं आहे?

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधल्या कार्यक्रमावरून तू रागावली आहेस, हे मला कळतं. मागच्या पत्रात 'ठाऊक नाही' लिहिलं, ते एक सोड. पण त्या दिवशी झालं काय, ते नीट ऐक. वाचनालयाचं सभागृह. दीडशे माणसं. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर जोतीराम चौगले उभे राहिले. हातात माझं पुस्तक, नकाशाचं पान उघडलेलं. म्हणाले, "बाई, तुम्ही भूगोलाच्या. तुमची नदी समुद्राला पाठ दावून चाललीया. मग त्या पोरी समुद्राला पोचणार कशा, बैलगाडीनं?"

सगळं सभागृह हसलं. तीस वर्षं मी वर्गासमोर उभी राहिले, पण माझ्यावर कोणी हसलं नव्हतं. मी म्हणाले, "नकाशा माझा नाही. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं काढलेला आहे. तिचा भूगोल जरा कच्चा होता."

लोक पुन्हा हसले. मीही हसले. कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तो फिरत फिरत तुझ्या मुलाच्या, नईमच्या फोनवर आला, आणि तू बोलणं बंद केलंस.

आता मला सांग, त्यात खोटं काय? नकाशा तुझ्या हातचा आहे. वडील गेले आणि बेकरीची भट्टी सांभाळायला तू दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलंस. मी पुढं शिकले, बी.ए. झाले, बी.एड. झाले. तुझा भूगोल अर्धवट राहिला, हे वाक्य कडक असेल. चूक दाखवली की फुगून बसणाऱ्या मुली मी शाळेत पुष्कळ पाहिल्या. त्यांच्या मागं मी कधी लागले नाही.

जयसिंगला दोन ओळी लिहायला तुला डोळे लागत नाहीत. तू सांग, अरीबा लिहील. माझा पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे.

संघप्रिया


सोमवार, ७ जुलै

फातिमा,

पाकीट आलं. आत कार्ड, अरीबाच्या अक्षरात एकच ओळ. 'मूळ नकाशा खिडकीच्या काचेला लाव आणि बघ.'

सकाळी लावला. लावायची गरज नव्हती.

तो ट्रेसिंग पेपर अजून माझ्याकडं आहे. पिवळा पडलाय, कडा तुटल्यात. ट्रेसिंगवर शाईची रेघ एकदा पडली की खोडरबराला दाद देत नाही. अर्ध्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची, कागदाला लव सुटते, ती नखानं घासून बसवायची आणि मग वर नवी रेघ मारायची. आपल्याला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. वरवर काही दिसत नाही. उजेडात धरलं की दिसतं. तुझ्या नदीच्या रेघेवर चार ठिकाणी बाण आहेत. चारही बाणांखाली कागद खरवडलेला आहे. जुन्या बाणांची टोकं पश्चिमेला आहेत.

तू नदी समुद्राकडेच काढली होतीस. ती मी फिरवली.

वडील आजारी म्हणून तू त्या आठवड्यात गावी गेली होतीस. नकाशा माझ्या जर्नलमध्ये होता. 'दख्खनच्या नद्या पूर्ववाहिनी' हे वाक्य मी परीक्षेसाठी घोकून तयार केलं होतं. तुझे बाण पाहिले आणि वाटलं, हिला एवढंही येत नाही. ब्लेड हातात होतंच. नदी फिरवताना डाव्या बाजूला समुद्र तसाच राहिला, हे मला दिसलंच नाही. दिसणार कसं? इथं असंच असतं. समुद्र पश्चिमेला घाट उतरला की हाकेवर, आणि नदी घराजवळून पूर्वेला चाललेली. जन्मल्यापासून मी तेच पाहिलं. तू गगनबावड्याची. तुझ्या घराच्या पुढचं पाणी आमच्याकडं येतं, मागचं कोकणात उतरतं. पाणी दोन्हीकडं जातं हे तुला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. मला एकच बाजू माहीत होती आणि तिच्यावर मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

सत्तेचाळीस वर्षं मला हे ठाऊक आहे. सभागृहात चौगले उभे राहिले, तेव्हाही ठाऊक होतं. 'भूगोल कच्चा' म्हणताना माझ्या हाताला ब्लेड आठवत होतं.

आणि तुझ्याकडून मी मागत होते काय, तर नदी मूळची अशीच होती म्हणून खोटी साक्ष.

आता उरलेलंही लिहून टाकते, म्हणजे अरीबाला एकदाच वाचावं लागेल. पहिल्या पुस्तकाच्या वेळी जयसिंगनं मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही एकट्याच का लेखक?" मी हो म्हणाले. अर्पणपत्रिकेत 'एका मैत्रिणीस' एवढंच घातलं. नाव घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं की ती कोण, आणि मग किती गोष्ट तुझी हेही सांगावं लागलं असतं.

हे वाचून मी रडत बसले आहे असं समजू नकोस. माफी मागायची मला सवय नाही, मी ती दुसऱ्यांकडून लिहून घेत असे. पण मुलाचं नाव चारचौघांत चुकीचं घेतलं असेल, तर ते चारचौघांतच दुरुस्त करायचं, हा नियम मी शाळेत पाळला. वीस तारखेला, रविवारी, त्याच सभागृहात पुन्हा कार्यक्रम ठेवायला लावला आहे. चौगल्यांना मी स्वतः फोन करून बोलावलंय.

दुकानात बसलेल्यांनाही हे पत्र ऐकू दे. मधला मजकूर गाळू नको म्हणून अरीबाला सांगते आहे.

संघप्रिया


सोमवार, २१ जुलै

फातिमा,

कार्यक्रम झाला. बंधारा पाण्याखाली, नदीकाठचे रस्ते बंद, तरी साठ माणसं आली. चौगले पहिल्या रांगेत, छत्री मांडीवर.

ट्रेसिंग पेपर मी सभागृहाच्या खिडकीला चिकटवला आणि लोकांना उठून एकेकानं येऊन बघायला लावलं. रांगेत. मग उभी राहिले आणि सांगितलं. नकाशा फातिमा मुल्लाणी हिचा. तो बरोबर होता. चूक मी केली, आणि गेल्या वर्षी याच जागेवरून ती तिच्या नावावर घातली. या गोष्टीतला मधला भाग तिनं रचलेला आहे, आणि झुरी ही तर पहिल्या शब्दापासून तिची आहे.

कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. बरं झालं. टाळ्या पडल्या असत्या तर मी थांबवल्या असत्या.

चौगले म्हणाले, "म्हंजे बाई, चूक तुमची?"

"माझी."

"मग नव्या पुस्तकात दुरुस्त केली काय?"

"नाही."

"का म्हणून?"

मी म्हणाले, "दुरुस्त केली तर पुस्तकात उरणार काय? आरणी माझ्यासारखी आहे. तिला शाळेत शिकवलंय की सगळं पाणी समुद्राला जातं, आणि शिकवलं ते मीठ कुलपात ठेवणाऱ्यांनी. झुरी पाण्यात हात घालून सांगते की आपण उलट्या बाजूला चाललोय. आरणी ऐकत नाही. ती म्हणते, तुला काय कळतं. दोनशे पानं ती ऐकत नाही."

ते उठून खिडकीशी गेले आणि नकाशाच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पण बाई, पूर्वेला गेलेली नदीबी शेवटी समुद्रालाच जाती की. पल्याडच्या."

"ते मला माहीत आहे. आरणीला माहीत नाही."

तेव्हा मात्र लोक हसले. ते हसणं मला चाललं.

बाहेर जयसिंग तोंड पाडून उभा. "बाई, भर सभेत असलं बोलायचं म्हंजे... निदान मला आधी तरी सांगायचं."

मी म्हणाले, आता सांगते. तीनशे चाळीस पानं पूर्ण जातील. नदी पूर्वेलाच जाईल. मुखपृष्ठावर दोन नावं येतील.

"दोन नावं म्हंजे... न्हाय, तसं काय न्हाय. पण दुसरं नाव... वाचकास्नी वाटंल..."

"काय वाटेल?"

"काय न्हाय, बाई."

"जयसिंग, माझ्याकडं बघून बोल. दुसरं नाव काय?"

बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, उत्तर तयार होतं. मी एवढंच सांगितलं की दोन नावं नसतील तर मधलं नाही, तिसरं नाही, आणि पहिल्याची नवी आवृत्तीही काढायची नाही. तो म्हणाला, "बाई, तुम्ही रिटायर झालाय, पण पट्टी काय खाली ठेवली न्हाय." आणि करार तयार करतो म्हणाला.

करारावर तुझी सही लागेल. तुझ्या सहीशिवाय तुझं नाव छापायचं नाही, एवढी अक्कल मला या वयात आली आहे. गुरुवारी मी स्वतः हस्तलिखित आणि करार घेऊन येते. बोलणं न बोलणं तुझ्यावर आहे. दुकान तर उघडं असतंच.

संघप्रिया


शुक्रवार, २५ जुलै

फातिमा,

काल दोन तास तुझ्या दुकानात बसले. तू पडद्याच्या आत होतीस. आतून तुला सगळं ऐकू येत होतं, पण बाहेरचं दिसत नव्हतं, म्हणून ते कळवते.

मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी होतं. एसटी तासभर थांबली. मी पोचले तेव्हा पातळ कोरडं, पण पायात चिखल. हस्तलिखित प्लास्टिकमध्ये बांधून पोटाशी धरलेलं. नईमनं खुर्ची पुसून दिली. "मावशी, बसा. गरम बटर हाईत." त्याच्या तोंडावर भीती होती. ती माझी की तुझी, कळलं नाही.

मग तुझा आवाज आला. "अरीबा, पावण्यांस्नी इचार, काय काम काढलं."

पावणं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणावं तसं. तुझा आवाज जसाच्या तसा आहे, एवढं मनात आलं.

मी म्हणाले, "अरीबा, सांग, मी पाहुणी नव्हे."

"अम्मी, पावणी न्हाय म्हणत्यात."

"मग कोण हाय?"

अरीबानं माझ्याकडं पाहिलं. हळूच विचारलं, "मावशी, कोण म्हणून सांगू?"

दुकानात तीन माणसं होती, तिघांनी चहा खाली ठेवला. मी म्हणाले, "सांग, खरवडणारी."

आतून बशीचा आवाज झाला. मग तू म्हणालीस, "सभेतलं बघितलं नईमच्या फोनवर. पयल्या येळेला दीडशे माणसं हुती. ह्या येळेला साठ. नव्वद माणसं अजून मला येडी समजून फिरत्यात."

तुझं गणित पक्कं आहे.

तू आत कागदाची वाट बघत होतीस का ते मला दिसत नव्हतं, पण अरीबानं हात पुढं केला, म्हणून मी हस्तलिखित दिलं. वर करार ठेवला. तुझ्या त्या केरबा ट्रकवाल्यानं, जो म्हणाला की पत्र आलं का म्हणून तो रोज गाडी थांबवून विचारतो, मला विचारलं, "बाई, त्या पोरींस्नी मीठ गावतंय का न्हाय शेवटी?" मी म्हणाले, पुस्तक आल्यावर वाच. तो म्हणाला, "मी न्हाय वाचत. मला हितंच ऐकाय मिळतंय."

तू आतून हसलीस. नाही म्हणू नकोस. मी ऐकलं.

उठताना मी सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण तेव्हा ट्रक सुरू झाला होता आणि तुला ऐकू आलं की नाही माहीत नाही. झुरी भांडून तराफ्यावरून उतरते आणि एकटी पश्चिमेला चालायला लागते. तिथून पुढचं नीट ऐक. तीनशे तेराव्या पानापासून शेवटपर्यंतची अठ्ठावीस पानं मी तीन वेळा लिहिली आहेत. झुरी मागं वळते, काठाकाठानं येते, आणि दोघी भेटतात. माझ्या हातून इतकं चांगलं आजवर लिहून झालेलं नाही.

पडद्याखालून तुझे पाय दिसत होते. सुजले आहेत. डॉक्टरला दाखव. डोळ्याच्या नव्हे, दुसऱ्या.

संघप्रिया


सोमवार, १८ ऑगस्ट

फातिमा,

केरबानं परवा हस्तलिखित आणून दिलं. घरात यायला तयार नव्हता. दारातच म्हणाला, "बाई, तांबडं लई हाय बघा आत," आणि गाडीत जाऊन बसला. त्यालाही कळलं होतं.

करारावर तुझी सही आहे. ती आधी पाहिली. मग पानं उलटली.

सत्तेचाळीसाव्या पानावर 'झुरी असं गोड बोलत न्हाय' हे बरोबर आहे. एकशे दहावर तराफा बांधायच्या वेलीचं तू लिहिलंस तेही बरोबर. मी तशी वेल कधी पाहिलेली नाही, पुस्तकातून घेतली होती. दोनशे दोनवर, आरणी 'तुला काय कळतं' म्हणते तिथं, तू समासात नुसतं 'व्हय' लिहिलं आहेस, ते कशाला हे मी विचारत नाही. ते पान मला पाठ आहे.

तीनशे तेरापासून पुढं तू प्रत्येक पानावर कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारली आहेस. अठ्ठावीस पानं, अठ्ठावीस रेघा. शेवटच्या पानावर अरीबाचं अक्षर नव्हे, तुझ्या स्वतःच्या हातचं, डोळ्यांना बंदी असताना, ओळ खाली घसरत गेलेली. 'पहिल्यांदा माझी नदी फिरवलीस. आता माझी झुरी फिरवलीस. ती अजून वळलेली नाही.'

मी चिडले. अजूनही थोडी चिडलेली आहे. त्याच दुपारी तुला उत्तर लिहायला बसले. लिहिलं की वाचकाला काहीतरी द्यावं लागतं. लिहिलं की तीनशे पानं त्यांना पाण्यावर हिंडवायचं आणि शेवटी हात रिकामे, हे बरं नव्हे. लिहिलं की सत्तेचाळीस वर्षं पुरे झाली. ते वाक्य लिहिलं आणि थांबले. ते आरणीचं नव्हतं, झुरीचं तर नव्हतंच.

ती पानं पुन्हा वाचली. आरणी माफी मागते, अर्ध्या पानात. झुरी चार ओळींत विरघळते. चार ओळी, फातिमा. माझ्या मुलीला मी अर्धं पान दिलं आणि तुझ्या मुलीला चार ओळी, कारण तिनं लवकर वळावं अशी मला घाई होती. आठ वर्षांच्या मुलांना भांडणानंतर हातात हात द्यायला लावतात, तसं मी तिला लावलं होतं. मुलं हात देतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा भांडतात, हे मी रोज पाहिलं होतं.

अठ्ठावीस पानं काढली. आता पुस्तक तीनशे बाराव्या पानावर संपतं. आरणी तराफ्यावर, तराफा पूर्वेला चाललेला. झुरी पश्चिमेला चालते आहे, पाठमोरी, आणि तिनं मागं पाहिलं की नाही हे आरणीला दिसत नाही, कारण मध्ये पाऊस आहे. बस.

आज सकाळी जयसिंगला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, असं कुठं संपवत्यात काय? लोक पुस्तक फेकून मारतील." मी म्हणाले, मारू देत, उचलून परत देईन. म्हणाला, "निदान भेटतील असं एक वाक्य तरी." मी म्हणाले, एक शब्दही नाही. त्यानं डोक्याला हात लावला. मग विचारलं, "नावं कशी घालायची, बाई? पयलं कोणाचं?" मी म्हणाले, जो भाग जिनं सांगितला, त्यावर तिचं नाव आधी. मधलं पुस्तक तुझं आहे, त्यामुळं पहिलं नाव तुझं. शनिवारी छपाईला जाईल.

तिसऱ्या पुस्तकाबद्दल जयसिंग विचारत होता. मी त्याला सांगितलं की मी आरणीला नदीच्या शेवटापर्यंत नेईन, त्या पल्याडच्या समुद्रापर्यंत. तेवढं मला येतं. झुरी कुठं पोचते, थांबते का, कधी वळते, वळते की नाही, ते फातिमा मुल्लाणी लिहितील. मी तिला हात लावणार नाही.

संघप्रिया